पुसले जाणारे जग

दूरदूरच्या संगणकांवर बसलेले अनेक खेळाडू एकाच वेळी ज्या काल्पनिक जगात वावरतात, ते जग ‘सर्व्हर’ या मध्यवर्ती संगणकावर चालू असते, आणि ते मूळ स्थितीत परत नेण्याच्या क्रियेला ‘रीसेट’ म्हणतात. वरवर पाहता ही तांत्रिक साफसफाई असली, तरी काय पुसायचे आणि काय राखायचे हे दर वेळी कोणाला तरी ठरवावे लागले, आणि या खेळांचा इतिहास बऱ्याच अंशी त्या निवडीचाच इतिहास आहे.

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये ‘मड’ हा केवळ मजकुरावर चालणारा खेळ लिहिण्यास आरंभ केला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला. त्यात सापडलेला खजिना दलदलीत टाकला की गुण मिळत; पण दलदलीत गेलेली वस्तू पुन्हा हाती लागत नसल्याने जग हळूहळू रिते होत जाई आणि नंतर येणाऱ्यासाठी काहीच उरत नसे. म्हणून जग वेळोवेळी पहिल्यासारखे मांडले जाई. वस्तू आपापल्या जागी परतत, खेळाडूने मिळवलेले गुण मात्र त्याच्या नावावर कायम राहत.

कोपनहेगन विद्यापीठातील पाच विद्यार्थ्यांनी १९९० च्या सुमारास रचलेल्या ‘डिकूमड’मध्ये हीच कल्पना फार बारकाईने राबवलेली दिसते. तेथे संपूर्ण जग एकदम न पुसता त्याचे विभाग पाडले गेले, आणि प्रत्येक विभागाला मिनिटांत मोजलेले आयुष्य व पुनर्मांडणीचा एक नियम दिला गेला: काही विभाग कधीच बदलत नसत, काही वेळ भरताच बदलत, आणि काही मात्र आत एकही खेळाडू नसेल तरच बदलत. या शेवटच्या नियमात मोठी समज आहे, कारण त्यामुळे माणसाच्या डोळ्यांदेखत मेलेला राक्षस उठून बसत नसे. मांडणीच्या आज्ञा एकाक्षरी असत. ‘एम’ने पहारेकरी उभा राही, ‘ई’ने त्याच्या हाती तलवार येई आणि ‘डी’ने दाराला कुलूप लागे. आधीचा पहारेकरी जिवंत असेल आणि त्याची ठरलेली कमाल संख्या भरलेली असेल, तर ‘एम’ची आज्ञा निष्फळ ठरे, आणि तिच्यावर अवलंबून असलेली तलवारीची आज्ञाही आपोआप वगळली जाई, त्यामुळे फाजील शस्त्रांचा ढीग साचत नसे.

याच्या उलट टोकाला होते ते जेम्स अ‍ॅस्प्नेस यांनी १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू केलेले ‘टायनीमड’. तेथे खोल्या खेळाडूच बांधत आणि त्या पुसल्या जात नसत, त्यामुळे जग फुगतच गेले आणि वर्ष पुरे होण्याआधीच ते बंद करावे लागले.

१९९७ मधील ‘अल्टिमा ऑनलाइन’ने पुसण्याऐवजी अभिसरणाचा मार्ग धरला. जगातील साधनसामग्रीचा एकूण साठा मर्यादित ठेवायचा आणि एक वस्तू नष्ट झाली की तिच्यातील द्रव्यातून दुसरी उत्पन्न व्हायची, अशी ती योजना होती. परंतु खेळाडूंनी वस्तू वापरून संपवण्याऐवजी साठवून ठेवल्या, द्रव्य त्यांच्याकडेच अडकून पडले आणि नवे काही उपजेनासे झाले, तेव्हा ही बंदिस्त योजना सोडून द्यावी लागली. संचय हा माणसाचा स्वभाव आहे, याचा हिशेब त्या अन्यथा विलक्षण कल्पनेत राहून गेला होता.

पुढे काही रचनाकारांनी अंतालाच खेळाचा भाग केले. प्राचीन इजिप्तवर बेतलेल्या ‘अ टेल इन द डेझर्ट’चे पहिले ‘कथन’ २००३ मध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षी संपले, आणि दुसऱ्यात सर्वांना पुन्हा रिकाम्या वाळवंटापासून उभारणी करावी लागली. २०१३ च्या अखेरीस प्राथमिक रूपात विक्रीस आलेल्या ‘रस्ट’मध्ये पुसण्याला ‘वाइप’ म्हणतात, आणि महिन्याचा पहिला गुरुवार त्यासाठी रूढ झाला आहे. साचलेल्या बांधकामांनी सर्व्हर मंदावतो आणि जुन्या टोळ्यांपुढे नवख्याचा निभाव लागत नाही, ही दोन्ही कारणे तेथे एकत्र येतात. त्यातही नकाशाचा वाइप वेगळा आणि ‘ब्लूप्रिंट’चा, म्हणजे वस्तू घडवण्याच्या शिकलेल्या कृतींचा, वाइप वेगळा असल्याने, ज्याचे घर भुईसपाट झाले त्या खेळाडूला पुष्कळदा नव्या किनाऱ्यावर उघड्या हातांनी पण जुन्या विद्येनिशी उतरता येते.