परदेशी पार्सल : फराळालाही सीमाशुल्काचे नियम

परंडा - परदेशी असलेल्या मुलाबाळांना परंड्याहून दिवाळीचा फराळ पाठविताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. टपाल कार्यालयाने पार्सल स्वीकारले म्हणजे ते पोहोचेलच, असे नाही. वस्तूला प्रवेश द्यायचा की नाही, हे ती ज्या देशात जाते तेथील कायदा ठरवितो. नियमबाह्य वस्तू परत पाठविली जाते किंवा तेथेच नष्ट केली जाते.

घोषणापत्र : पार्सलसोबत सीमाशुल्क घोषणापत्र जोडावे लागते. कमी किमतीच्या लहान पाकिटासाठी 'सीएन २२', तर अन्य पार्सलसाठी 'सीएन २३' हा नमुना असतो. त्यात प्रत्येक वस्तूचे नाव, संख्या, वजन व किंमत लिहावी. नुसते 'खाद्यपदार्थ' असे मोघम लिहू नये. 'भेटवस्तू' असे लिहिल्याने शुल्क आपोआप माफ होत नाही.

खाद्यपदार्थ : अनारशांवरील खसखस आपल्याकडे नित्याची, संयुक्त अरब अमिरात व सिंगापूरमध्ये मात्र तिच्यावर बंदी आहे. ब्रिटन व युरोपीय संघात भारतातून मांस व दुग्धजन्य पदार्थ पाठविता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा नियमही कडक असल्याने पेढे, बर्फी तेथे पाठवू नये. अमेरिकेत घरी केलेला आणि वैयक्तिक भेट म्हणून पाठविलेला फराळ अन्न व औषध प्रशासनाच्या पूर्वसूचनेतून वगळलेला आहे; दुकानातून आणलेल्या पदार्थांना ही सवलत नाही.

अमेरिकेतील बदल : ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरील शुल्कमाफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्या वेळी १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू वगळण्यात आल्या होत्या. भारतीय टपाल खात्याने काही काळ स्थगित केलेली पार्सल सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा सुरू केली.

अन्य निर्बंध : फटाके, काड्यापेटी आदी ज्वालाग्राही वस्तू हवाई टपालाने पाठविता येत नाहीत. जुन्या घरांतील पोथ्या, मूर्ती व नाणी पाठवितानाही सावध राहावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या कलावस्तू व नाणी, तसेच शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्याची किमान ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते खासगी व्यक्तीस निर्यात करता येत नाहीत.

हे नियम वेळोवेळी बदलतात. त्यामुळे डबे भरण्यापूर्वीच संबंधित देशाची निषिद्ध वस्तूंची यादी टपाल कार्यालयात पाहून घेणे हिताचे ठरते.