झोपेचा हिशोब

झोप लागत नसेल तर माणूस काय करतो? लवकर आडवा होतो, सकाळी उशिरापर्यंत पडून राहतो. तेवढीच विश्रांती! हा उपाय इतका साहजिक वाटतो, की तोच दुखण्याचे मूळ धरून ठेवतो हे सांगूनही पटत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी सारा भर औषधांवर होता. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी बार्बिटाल हे झोपेचे औषध पुढे आणले. या कुळातल्या औषधांनी झोप येई; पण सवय लागे आणि मात्रा वाढली तर जीवही जाई. १९६० नंतरची बेंझोडायझेपिन औषधे त्या मानाने सुरक्षित होती, तरी सवयीची अडचण राहिलीच.

१९७२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याचा प्रयोग आपण वर्गात सांगतो. तसेच, रोज रात्री तळमळणाऱ्याच्या मनात अंथरुणाची सांगड झोपेऐवजी जागरणाशी पडली असेल तर? ती सांगड तोडायला हवी. म्हणून झोप आली तरच अंथरुणावर जायचे, लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे आणि सकाळी ठरल्या वेळीच उठायचे.

१९८७ मध्ये आर्थर स्पीलमन व सहकाऱ्यांनी याला गणिताची जोड दिली. समजा, एखादा माणूस ९ तास अंथरुणात असतो, पण झोपतो ६ तास. ६ भागिले ९, म्हणजे सुमारे ६७ टक्के. ही त्याची झोपेची कार्यक्षमता. आता त्याला अंथरुणात ६ तासच द्यायचे. सुरुवातीचे दिवस जड जातात, पण झोपेची गरज साचत जाते आणि झोप सलग लागू लागते. कार्यक्षमता ९० टक्क्यांवर गेली, की १५ मिनिटे वाढवायची. (अपस्माराच्या रुग्णांनी आणि वाहनचालकांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.)

‘आज झोप नाही, म्हणजे उद्याचा दिवस वाया’ अशा विचारांची तपासणीही यात आली आणि बोधात्मक वर्तनोपचार आकाराला आला. गुण येई, पण तो देणारे उपचारक थोडे होते.

रोजनिशी, भागाकार आणि नियम ही तर संगणकाची कामे! २००४ मध्ये स्वीडनमध्ये १०९ जणांवर इंटरनेटद्वारे पाच आठवड्यांच्या उपचाराची चाचणी झाली. उपचार घेणाऱ्यांची झोप सुधारली. नुसती वाट पाहणाऱ्यांचीही थोडी सुधारली. तुलनागट का लागतो, ते येथे कळते. २०१२ मध्ये ग्लासगोच्या कॉलिन एस्पी यांनी १६४ जणांच्या चाचणीत एका गटाला खऱ्यासारखा भासणारा लुटुपुटीचा कार्यक्रम दिला. खरा उपचार सरस ठरला. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर आधी बोधात्मक वर्तनोपचार द्यावा, अशी शिफारस केली.

हिशोब आता यंत्र करते. मात्र रात्री अडीच वाजता उबदार पांघरूण बाजूला सारून उठायचे, ते माणसालाच. पुष्कळांचा उपचार तिथेच अर्धवट राहतो.