गुडघा दुखतोय? मग खुबा का तपासतात?

हिंगोली जिल्ह्यात, खासकरून वसमत भागात, हळदीची काढणी म्हणजे दिवसभर वाकून नाहीतर उकिडवं बसून काम. उठताना गुडघा बोलू लागतो. आपण मलम तिथेच चोळतो. फिजिओथेरपिस्ट मात्र बऱ्याचदा वर, खुब्याकडे बघतात.

कारण असं. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ग्लुटियस मीडियस नावाचा स्नायू असतो. एका पायावर उभं राहिलं की तो कंबर कलू देत नाही. चालताना तर प्रत्येक पावलाला हेच काम. तो अशक्त असेल तर उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली जाते. ही खूण जर्मन सर्जन ट्रेंडेलनबर्ग यांनी १८९५ मध्ये सांगितली. सोबत मांडी आत वळली तर गुडघाही आत झुकतो आणि वाटी खाचेच्या बाहेरच्या कडेवर घासते. पायरी उतरताना वाटीमागे दुखतं ते अनेकदा यामुळे.

आरशासमोर बुटक्या पायरीवरून हळू उतरून बघा, भिंतीचा आधार जवळ ठेवून. गुडघा अंगठ्याच्या आत जातो का?

पण इथे घाई नको. गुडघेदुखी असलेल्यांचा खुबा अशक्त आढळतो हे खरं. मात्र आधीपासून निरोगी लोकांवर लक्ष ठेवलेल्या अभ्यासांत अशक्त खुब्यामुळेच पुढे दुखणं आलं, असं ठामपणे दिसत नाही. दुखतं म्हणून आपण पाय वाचवतो, म्हणूनही स्नायू सुकत असेल. झिजलेल्या गुडघ्यांची गोष्ट तर आणखी मजेशीर. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात १२ आठवडे खुब्याचे व्यायाम केल्यावर दुखणं कमी झालं, पण चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येणारा भार बदललाच नाही! म्हणजे फायदा होतो, तो नेमका कसा हे वेगळं कोडं.

व्यायाम साधे आहेत: कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. जोडीला मांडीचे व्यायामही हवेत, नुसता खुबा पुरत नाही. फरक दिसायला आठवडे लागतात. शेतात बसायला बुटका पाट घेतला तर गुडघा कमी दुमडतो, तेही करून बघा.

गुडघा सुजला, गरम लागला, अडकला किंवा पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.