युरोपवरील पहिली अमेरिकन बॉम्बर पथके आणि खरगपूरचा तळ

रायपूर : दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या युरोपवर अमेरिकेच्या बॉम्बफेकी विमानांनी १९४२ च्या उन्हाळ्यात हल्ले सुरू केले. या पहिल्या पथकांनी प्राणांची मोठी किंमत मोजून जे धडे घेतले, ते दोन वर्षांनी भारताच्या भूमीवर पुन्हा गिरवले गेले. नागपूर, रायपूर, बिलासपूरमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील खरगपूर हे त्याचे केंद्र होते. या घटनाक्रमाचा हा आढावा.

पूर्वेकडे निघालेली विमाने

अमेरिकेने युरोपवर केलेला पहिला बॉम्बहल्ला इंग्लंडमधून झाला नाही, ही बाब फारशी परिचित नाही. कर्नल हॅरी हॅल्व्हरसन यांच्या नेतृत्वाखाली २३ लिबरेटर विमानांचे एक पथक मे १९४२ मध्ये अमेरिकेहून निघाले. चीनमधील तळ गाठून तेथून जपानवर हल्ले करण्याची कामगिरी त्याच्याकडे होती. मात्र चीनमधील परिस्थिती बिघडल्याने त्याला मध्यपूर्वेतच थांबवण्यात आले.

११ जूनच्या रात्री यांपैकी १३ विमानांनी इजिप्तमधील फायेद येथून उड्डाण केले. १२ जूनच्या पहाटे त्यांनी रुमानियातील प्लोएश्ती येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांवर बॉम्ब टाकले. जर्मन सैन्याला लागणाऱ्या इंधनाचा मोठा वाटा येथून मिळत असे. हल्ल्यात कारखान्यांचे नुकसान किरकोळ झाले. परतीच्या वाटेवर चार विमाने तटस्थ तुर्कस्तानात उतरली आणि तेथे अडकवून ठेवण्यात आली.

याच सुमारास भारतातूनही काही विमाने पश्चिमेकडे रवाना झाली. अमेरिकेच्या दहाव्या हवाई दलाचे मुख्यालय मार्च १९४२ पासून दिल्लीत होते आणि मेजर जनरल लुईस ब्रेरटन हे त्याचे प्रमुख होते. एप्रिलच्या आरंभी त्यांनी स्वतः अंदमानातील पोर्ट ब्लेअरजवळच्या जपानी जहाजांवरील हल्ल्यात भाग घेतला होता. जूनमध्ये रोमेलचे सैन्य इजिप्तच्या सीमेत शिरले, तेव्हा ब्रेरटन यांना उपलब्ध असलेली जड बॉम्बफेकी विमाने घेऊन मध्यपूर्वेत जाण्याचा आदेश मिळाला. ही विमाने आणि हॅल्व्हरसन यांचे पथक यांतूनच पुढे ३७६ वा बॉम्बर गट उभा राहिला. १ ऑगस्ट १९४३ रोजी प्लोएश्तीवर अत्यंत कमी उंचीवरून जो दुसरा मोठा हल्ला झाला, त्यात हा गट अग्रभागी होता. त्या एका दिवशी पन्नासहून अधिक लिबरेटर विमाने नष्ट झाली.

इंग्लंडमधून आरंभ

इंग्लंडमधील अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाच्या जड बॉम्बफेकी विमानांनी पहिला हल्ला १७ ऑगस्ट १९४२ रोजी केला. फ्रान्समधील रूआँ शहराजवळचे सोत्व्हिल येथील रेल्वे यार्ड हे लक्ष्य होते. ९७ व्या गटाच्या १२ 'फ्लाइंग फोर्ट्रेस' विमानांनी त्यात भाग घेतला. आघाडीच्या विमानाचे सारथ्य मेजर पॉल टिबेट्स यांच्याकडे होते, तर जनरल इरा ईकर हे 'यांकी डूडल' नावाच्या विमानात होते. ब्रिटनच्या स्पिटफायर लढाऊ विमानांचे संरक्षण असल्याने सर्व विमाने सुखरूप परतली.

या यशाने अमेरिकन सेनानींचा एक विश्वास दृढ झाला. फोर्ट्रेस विमानांवर चहूबाजूंनी मशीनगन बसवलेल्या होत्या. अशी विमाने एकत्रितपणे उडाली, तर लढाऊ विमानांच्या सोबतीविना ती शत्रूच्या मुलखात खोलवर जाऊ शकतील आणि दिवसाउजेडी नॉर्डन यंत्राच्या साहाय्याने नेमका कारखाना टिपू शकतील, असे त्यांचे मत होते. ब्रिटिशांनी मात्र दिवसा झालेल्या मोठ्या हानीनंतर १९४२ पूर्वीच रात्रीच्या हल्ल्यांचा मार्ग स्वीकारला होता.

पुढील वर्षभरात हा विश्वास कसोटीला लागला. रूआँ किनाऱ्यापासून जवळ होते; जर्मनीतील कारखाने मात्र स्पिटफायरच्या पल्ल्याबाहेर होते. ढगाळ हवामानामुळे अनेक दिवस लक्ष्य दिसतच नसे. लोरियाँ व सँ-नाझेर येथील जर्मन पाणबुड्यांच्या तळांवर काँक्रीटची इतकी जाड छते होती की, बॉम्ब त्यांवर पडूनही आतील पाणबुड्या सुरक्षित राहत. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी सँ-नाझेरवरील हल्ल्यात जर्मन वैमानिकांनी प्रथमच समोरून चढाई केली. फोर्ट्रेसच्या नाकाकडील बाजूस मशीनगन कमी असल्याचे त्यांच्या ध्यानात आले होते.

दहा जणांचे पथक

फोर्ट्रेसमध्ये साधारणपणे दहा जणांचे पथक असे. वैमानिक, सहवैमानिक, मार्गदर्शन करणारा नॅव्हिगेटर व बॉम्ब टाकणारा बॉम्बार्डियर हे अधिकारी असत. विमानाचा इंजिनिअर, रेडिओ ऑपरेटर आणि चार तोफची हे उर्वरित सदस्य होत. त्यांतील बहुतेकांनी नुकतीच विशी ओलांडलेली होती.

विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. २५ हजार फुटांच्या आसपास उणे ४० अंशांपर्यंतच्या थंडीत आणि ऑक्सिजनचा मुखवटा लावून त्यांना अनेक तास काढावे लागत. मशीनगनसाठी विमानाच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्याच असत. हातमोजा काढून धातूला स्पर्श केला, तर कातडी त्याला चिकटत असे. मुखवट्याच्या नळीत बर्फ साचून ऑक्सिजन बंद पडला, तर काही मिनिटांतच मृत्यू ओढवे. आरंभीच्या काळात शत्रूच्या माऱ्याने जखमी झालेल्यांपेक्षा हिमदंशाने जायबंदी झालेल्यांची संख्या अधिक होती.

पंचवीस मोहिमांचे गणित

एका पथकाने किती काळ लढावे, याची मर्यादा प्रारंभी निश्चित नव्हती. पुढे २५ मोहिमा पूर्ण करणाऱ्यास मायदेशी पाठवण्याचा नियम झाला. हा आकडा वरकरणी लहान भासतो. परंतु दर मोहिमेत शंभरातील चारच विमाने परतली नाहीत असे धरले, तरी पंचविसाव्या मोहिमेअखेर शंभरातील सुमारे ३६ उरतात. प्रत्यक्षात काही दिवशी हानी याहून कितीतरी अधिक होती.

कॅप्टन रॉबर्ट मॉर्गन यांच्या 'मेम्फिस बेल' विमानाच्या पथकाने १७ मे १९४३ रोजी हा पल्ला गाठला. त्यापूर्वी काही दिवस 'हेल्स एंजल्स' या विमानाच्या २५ मोहिमा पूर्ण झाल्या होत्या. तथापि दिग्दर्शक विल्यम वायलर यांच्या माहितीपटामुळे प्रसिद्धी 'मेम्फिस बेल'ला लाभली.

त्यानंतरचे महिने अधिक कठीण ठरले. १७ ऑगस्ट १९४३ रोजी, रूआँच्या हल्ल्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, जर्मनीतील श्वाइनफुर्ट व रेगेन्सबुर्ग येथील कारखान्यांवर ३७६ विमाने पाठवण्यात आली. त्यांतील ६० नष्ट झाली. १४ ऑक्टोबर रोजी श्वाइनफुर्टवर पुन्हा हल्ला झाला. त्या दिवशी २९१ पैकी ६० विमाने परतली नाहीत. प्रत्येक विमानासोबत दहा जण गेले. काही मृत्युमुखी पडले, काही युद्धकैदी झाले. बॉम्बफेकी विमान स्वबळावर शत्रूच्या मुलखातून पार होऊ शकते, ही कल्पना येथे निकालात निघाली. इंधनाच्या जादा टाक्या लावलेली लांब पल्ल्याची मस्टँग लढाऊ विमाने १९४४ च्या आरंभी पुरेशा संख्येने आली, त्यानंतरच परिस्थिती पालटली. युद्धअखेर आठव्या हवाई दलाच्या मृतांची संख्या २६ हजारांवर गेली होती.

जमिनीवरील नागरिक

व्यापलेल्या देशांवरील हल्ल्यांत एक दुःखद विसंगती होती. ज्यांची मुक्तता करावयाची, तेच लोक खाली राहत होते. ५ एप्रिल १९४३ रोजी बेल्जियममधील अँटवर्पजवळच्या मोर्टसेल येथे जर्मन विमानांची दुरुस्ती करणाऱ्या एर्ला कारखान्यावर हल्ला झाला. बहुतेक बॉम्ब वस्तीवर व शाळांवर पडले. त्यात ९३६ नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी २०९ मुले होती. अचूक बॉम्बफेक हा शब्दप्रयोग आणि प्रत्यक्ष परिणाम यांतील अंतर या घटनेने दाखवून दिले.

ब्रिटिश दलातील एक मराठी नाव

रात्रीचे हल्ले करणाऱ्या ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्येही मनुष्यहानी प्रचंड होती. या दलाचे ५५ हजारांहून अधिक जण मृत्युमुखी पडले. या दलात मोजकेच भारतीय होते. त्यांपैकी एक होते शैलेंद्र एकनाथ सुखठणकर. ते ८३ व्या स्क्वाड्रनमध्ये लँकेस्टर विमानावर नॅव्हिगेटर होते. ही तुकडी 'पाथफाइंडर' दलाचा भाग होती. मुख्य ताफ्याच्या पुढे जाऊन अंधारात लक्ष्य शोधणे व रंगीत ज्योतींनी ते दाखवून देणे, हे या दलाचे काम होते. नॅव्हिगेटरची लहानशी चूकही मागून येणाऱ्या शेकडो विमानांना भलतीकडे नेऊ शकत असे. सुखठणकर यांना 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे शौर्यपदक मिळाले. त्यांनी ज्यातून उड्डाणे केली, ते 'आर ५८६८' क्रमांकाचे लँकेस्टर विमान लंडनमधील शाही हवाई दलाच्या संग्रहालयात जतन करण्यात आले आहे.

हिजलीचे मुख्यालय

युरोपातील धडे भारतात आणणारी व्यक्ती म्हणजे कर्टिस लमे. सँ-नाझेरवरील नोव्हेंबर १९४२ च्या हल्ल्यात ते ३०५ व्या गटाचे प्रमुख होते. विमानभेदी तोफा चुकवण्यासाठी विमाने नागमोडी उडत आणि त्यामुळे बॉम्बांचा नेम चुकत असे. लमे यांनी लक्ष्यावर सरळ रेषेत, न वळता जाण्याचा आदेश दिला. विमानांना वेगवेगळ्या उंचीवर घट्ट रचनेत उडवून एकमेकांच्या मशीनगनचे संरक्षण मिळवून देण्याची पद्धत रुजवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. रेगेन्सबुर्गवरील हल्ल्याचे नेतृत्व त्यांनीच केले होते.

ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस लमे खरगपूरला आले. 'सुपरफोर्ट्रेस' ही नवी महाकाय विमाने बाळगणाऱ्या विसाव्या बॉम्बर कमांडची सूत्रे त्यांनी हाती घेतली. तिचे तळ खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा आणि दुधकुंडी येथे होते. धावपट्ट्यांच्या उभारणीत हजारो भारतीय मजूर राबले होते. ज्या बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळाने लाखो बळी घेतले, त्याच प्रांतात हे काम चालले होते.

कमांडचे मुख्यालय हिजली येथील बंदीशाळेच्या इमारतीत होते. ब्रिटिश सरकार तेथे स्वातंत्र्यसैनिकांना स्थानबद्ध करीत असे. १६ सप्टेंबर १९३१ रोजी पोलिसांच्या गोळीबारात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन स्थानबद्ध तेथे हुतात्मा झाले होते. १९५१ मध्ये याच इमारतीत देशातील पहिल्या आयआयटीचा आरंभ झाला.

लमे यांनी पथकांना दुधकुंडी येथे नव्याने प्रशिक्षण दिले. चार विमानांच्या रचनेऐवजी युरोपच्या धर्तीवर बारा विमानांची रचना आणली. निवडक पथकांना अग्रभागी ठेवून त्यांच्या इशाऱ्यावर इतरांनी बॉम्ब टाकण्याची पद्धतही आली. मात्र अंतराची अडचण कायम राहिली. जपानवर जाण्यासाठी विमानांना प्रथम हिमालयापलीकडील छंगतू गाठावे लागे आणि तेथे लागणारे इंधनही विमानांनीच वाहून न्यावे लागे. अखेर १९४५ च्या आरंभी लमे यांची पॅसिफिकमधील मारियाना बेटांवर बदली झाली आणि त्या वसंत ऋतूत सुपरफोर्ट्रेस विमानांनीही भारत सोडला.

अचूकतेकडून आगीकडे

या इतिहासाचा शेवट त्याच्या आरंभाशी विसंगत आहे. एकेक कारखाना नेमका टिपण्याच्या उद्देशाने अमेरिकेची पथके युरोपवर गेली होती. डिसेंबर १९४४ मध्ये याच विसाव्या कमांडने चीनमधील जपानव्याप्त हांकौ शहरावर आगलावे बॉम्ब टाकले आणि त्यांचा संहारक परिणाम सेनानींच्या लक्षात आला. १० मार्च १९४५ च्या पहाटे लमे यांच्या विमानांनी टोकियोवर कमी उंचीवरून असेच बॉम्ब टाकले. त्या एका रात्री सुमारे एक लाख लोक मरण पावल्याचे मानले जाते. रूआँवरील हल्ल्यात आघाडीवर असलेल्या टिबेट्स यांनीच ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे विमान चालवले.

खरगपूरजवळील कलाईकुंडा येथे आज भारतीय हवाई दलाचा मोठा तळ आहे. हिजलीच्या जुन्या इमारतीत विज्ञान व तंत्रज्ञानाचे नेहरू संग्रहालय आहे. स्थानबद्धांची कोठडी, परकीय सैन्याचे मुख्यालय आणि विद्यापीठ अशी तिन्ही रूपे अवघ्या वीस वर्षांत पाहिलेली ही वास्तू अभ्यागतांसाठी खुली आहे. रायपूरहून हावड्याकडे निघालेल्या प्रवाशाला ती खरगपूर स्थानकापासून काही किलोमीटरवर पाहता येते.