घोड्यावर पैसे चालतात, मग पाड्यावर का नाही?

परवा संध्याकाळी देवबागच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर गजाली रंगल्या होत्या. विषय झुंजींचा. एक जण तावातावाने म्हणाला, "मुंबैत घोड्यार लाखांनी पैसे लावतत ता चलता. आणि आमचे पाडे झुजले काय पोलीस दारात. ह्यो खयचो न्याय?"

टपरीवर कोणीच उत्तर दिलं नाही. मलाही सुचलं नाही. घरी आलो तरी वाक्य डोक्यातून जाईना. मग जुने कायदे, कोर्टाचे निकाल असं जे हाताला लागलं ते वाचत बसलो. आज थोडं लांबलचक लिहितोय, सवड असेल तेव्हा वाचा. आधीच सांगतो, त्या माणसाचं म्हणणं मला अर्धं पटलं. उरलेलं अर्धं का पटलं नाही, तेही शेवटी सांगतो.

गोष्ट फार जुनी आहे. आपल्या धर्मशास्त्रात जुगाराचे दोन प्रकार केलेत. फासे, कवड्या अशा निर्जीव वस्तूंवर खेळला तर ते 'द्यूत'. कोंबडा, मेंढा, रेडा असे जीव झुंजवून किंवा पळवून पैज लावली तर तो 'समाह्वय'. म्हणजे जनावरावरच्या पैजेला वेगळा शब्द असावा इतकी ती तेव्हाही रुळलेली होती. मनुस्मृती राजाला सांगते, दोन्ही बंद कर. कौटिल्य व्यवहारी माणूस. तो म्हणतो, जुगारावर अधिकारी नेमा, ठरलेल्या जागीच खेळू द्या आणि जिंकणाऱ्याच्या रकमेतून शेकडा ५ सरकारात जमा करा.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. एकाला राज्यातली शिस्त बिघडण्याची काळजी, दुसऱ्याला महसुलाची. झुंजणाऱ्या मेंढ्याचं काय होतं, हा हिशेब त्या वादात कुठेच नाही. आणि पुढची दोन हजार वर्षं हा वाद बहुतेक याच दोन टोकांमध्ये फिरत राहिला.

आता इंग्रजांकडे या. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध संस्था काढणारे पहिले तेच. १८२४ साली लंडनमध्ये अशी संस्था निघाली आणि १८३५ साली त्यांच्या पार्लमेंटने बैलावर कुत्रे सोडण्याचे खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजी कायद्याने बंद केल्या. चांगलंच केलं. पण घोड्यांच्या शर्यतींना हात लावला नाही. कोंबडा झुंजवणाऱ्यांत गावगाड्यातली माणसं पुष्कळ होती. घोडे होते लॉर्ड लोकांचे. टपरीवरच्या आपल्या माणसाची तक्रार तिथे १८३५ सालीच करता आली असती.

हाच साहेब मुंबईत शर्यती घेऊन आला. आधी भायखळ्याला घोडे पळायचे. १८८३ साली महालक्ष्मीचं रेसकोर्स झालं. क्लबच्या नावात 'रॉयल' हा शब्द १९३५ साली खुद्द इंग्लंडच्या राजाच्या परवानगीने लागला. संस्थानिक, पारशी शेटजी, गोरे अधिकारी असे सगळे एकाच कठड्याला टेकून रेस बघायचे. १९४३ साली इंडियन डर्बी सुरू झाली, तेव्हा पहिलीच डर्बी जिंकली ती बडोद्याच्या महाराजांच्या घोडीने.

त्याच मुंबईत साधी माणसं कशावर जुगार खेळत होती माहीत आहे? पावसावर! काळबादेवीच्या बाजूला ढगांकडे बघत सट्टा चालायचा, आज अमुक वेळेपर्यंत पागोळी वाहील की नाही. मुंबई प्रांताचा जुगारबंदी कायदा १८८७ चा. पावसाचा सट्टा त्यात बसतो का, असा प्रश्न हायकोर्टात गेला आणि कोर्ट म्हणालं, बसत नाही. सरकारने काय केलं? १८९० साली कायदाच बदलला आणि पाऊस त्यात घातला.

म्हणजे सरकारने मनात आणलं तर पावसावरची पैजही बंद करता येते. घोड्यासाठी मात्र नेमकं उलटं झालं. १९१२ साली रेसकोर्सना परवाना देण्याचा कायदा आला. जुगाराच्या व्याख्येत अपवाद घातला गेला: शर्यतीच्या दिवशी, परवाना असलेल्या मैदानात, ठरवून दिलेल्या आवारात घोड्यावर पैसे लावले तर तो जुगार नाही. त्याच घोड्यावर गिरणगावातल्या चाळीच्या जिन्यात पैसे लावले तर मात्र गुन्हा. १९२५ साली या पैजांवर कर बसला. ठरलेली जागा, परवाना आणि सरकारचा वाटा. कौटिल्याचाच हिशेब, फक्त टेबल इंग्रजी.

तो वाटा आजही चालू आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून रेसच्या पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला.

आता १९९६ सालाकडे या. त्या एकाच वर्षात दोन निकाल लागले आणि आपला सगळा प्रश्न त्यांत सापडतो.

जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. तामिळनाडू सरकारने १९७४ साली रेसवरचा सट्टा बंद करण्याचा कायदा केला होता, त्याचं हे प्रकरण. कोर्टाने सांगितलं, रेस हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचं कूळ, त्याची आधीची कामगिरी, जॉकी, वजन, मैदान हे सगळं अभ्यासून पैसे लावले जातात, म्हणून तो जुगार ठरत नाही. देशभरातल्या रेसकोर्सना आजही मोठा आधार आहे तो याच निकालाचा.

त्याच वर्षी सप्टेंबरात दक्षिण गोव्यात बाणावलीच्या बाजूला धिर्यो चालू असताना उधळलेल्या बैलाने एका माणसाचा जीव घेतला. प्रकरण मुंबई हायकोर्टाच्या पणजी खंडपीठाकडे गेलं आणि डिसेंबरात कोर्टाने धिर्यो बंद करायला सांगितलं. आधार १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा. जनावरांना झुंजायला चिथावणं आणि झुंजीसाठी जागा देणं, दोन्ही त्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या सिंधुदुर्गातल्या झुंजींनाही हाच कायदा लागू आहे.

दोन्ही निकाल मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. घोड्याच्या वेळी प्रश्न होता, पैसे लावणाऱ्या माणसाला अक्कल लागते की नाही. बैलाच्या वेळी प्रश्न होता, जनावराला काय सोसावं लागतं. जो प्रश्न बैलाबद्दल विचारला, तो घोड्याबद्दल त्या प्रकरणात मुख्य नव्हताच. पैसे लावायला कितीही अक्कल लागत असली, तरी मोडलेला पाय काही कमी दुखत नाही.

पुढे बैलगाडा शर्यतींचं प्रकरण तर तुम्हाला पाठच असेल. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. बैलाचं शरीर ओढकामाचं आहे, घोड्यासारखं धावण्याचं नाही, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, ती कोर्टात अडकली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दुरुस्त्या वैध ठरवल्या. आज कलेक्टरची परवानगी, डॉक्टरची तपासणी, काठी-चाबूक नाही, अशा अटींवर गाडे पळतात. अटी पाळल्या जातात की नाही, हे ज्यांनी घाट पाहिलेत त्यांना विचारा. पण ही सवलत शर्यतीची आहे. झुंजीची नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण "आता सगळा सुटला" असं सांगत फिरणारे आपल्याकडे बरेच आहेत.

आणखी एक उदाहरण. जून २०१५ मध्ये मुंबई हायकोर्टाने शहरातल्या व्हिक्टोरिया बंद करायला सांगितल्या. घोड्यांचे हाल, घाणेरडे तबेले ही कारणं खरी होती. पण त्याच शहरात, काही किलोमीटरवर, महालक्ष्मीला घोडे पळतच राहिले. व्हिक्टोरियावाला गेला, रेसकोर्स राहिलं. १९१४ चा त्या जमिनीचा ९९ वर्षांचा करार २०१३ साली संपला, त्यावर वाद झाला, २०२४ मध्ये २११ पैकी १२० एकर महापालिकेकडे आली. हा सगळा वाद जमिनीचा आणि बागेचा होता. घोड्याचा नव्हता.

तर टपरीवरचा माणूस इथपर्यंत बरोबर आहे. कायद्याने जनावर बघून निवाडा केला असं इतिहासात फार थोड्या वेळा दिसतं. बहुतेक वेळा मैदान कोणाचं आणि कर किती, हेच बघितलं गेलं.

आता मला न पटलेलं अर्धं.

"त्यांचं चालतं म्हणून आमचंही चालू द्या" या वाक्यात पाडा कुठे आहे? सोसायचं आहे त्याला आणि तक्रार आहे आपल्या मानापमानाची. मुंबईचा घोडा सुखात नाही म्हणून मालवणातल्या पाड्याच्या पोटात शिंग घुसलं तर बरोबरी होते का?

घोड्याचंच बघा. रेसचा घोडा दोन वर्षांचा झाला की मैदानात उतरतो. तेव्हा त्याची सगळी हाडं पुरती भरलेलीही नसतात. जास्त वाट बघायची तर मालकाचा खर्च वाढतो. स्नायूबंध फाटतात, पाय मोडतात. पाय वाईट मोडला तर बहुतेक वेळा घोड्याला मारावंच लागतं, कारण एवढं वजन तीन पायांवर महिनोन्महिने पेलत नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो आणि रेसची कारकीर्द जेमतेम काही वर्षांची. उरलेल्या आयुष्याचं काय, याला प्रत्येक घोड्याच्या नशिबाप्रमाणे वेगळं उत्तर.

आता पाड्याचं. रानात दोन बैल भिडले तर कमकुवत असतो तो थोड्या वेळात मान वळवून निघून जातो. निसर्गाने त्याला दिलेली सुटका आहे ती. झुंजीत सभोवार माणसांचं कडं असतं. आरडाओरडा चालू असतो. पळून जाणं म्हणजे मालकाची हार आणि पैजेचा पैसा बुडाला. मग शिंगं घासून टोकदार करायची, मागे फिरला की पुन्हा पुढ्यात ढकलायचा.

माझ्या मते गाठ इथे आहे. घोडा असो की पाडा, पैसा लागला की जनावराची सुटका महाग होते. थांबायची वेळ खरं तर त्याच्या अंगावरून ठरायला हवी. ठरते ती लोकांच्या खिशावरून. मालक प्रेम करत नाही असं मी म्हणत नाही. आपल्याकडे पाड्याला पोटच्या पोरासारखं खाऊ घालणारे मी बघितलेत, माझ्या नात्यातले आहेत. रेसचे घोडेही उत्तम खुराक खातात. पण ज्या दिवशी त्याच्या नावावर रक्कम लागते, त्या दिवशी त्या प्रेमाला समोर एक भागीदार उभा राहतो आणि त्याला जनावर दिसतच नाही.

गोव्यात २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात आमदारांनी धिर्यो कायदेशीर करण्याची मागणी केली. परंपरा आहे, पर्यटन वाढेल, असं म्हणणं. उद्या आपल्याकडेही हे येईल. तारकर्लीला पर्यटन काय असतं ते आपल्याला शिकवायला नको. समुद्र, कर्ली नदी, संगम, मासे यांच्यावर आपली घरं चालतात. पाड्याच्या रक्तावाचून पर्यटक आले आणि येतात.

मग न्याय कुठला? माझ्या बुद्धीप्रमाणे सांगतो. जो प्रश्न १९९६ साली बैलाबद्दल विचारला तोच घोड्याबद्दल विचारायला हवा. प्रत्येक मोसमाअखेर किती घोडे जखमी झाले, किती मारावे लागले, निवृत्त झालेले कुठे गेले, याचे आकडे रेसकोर्सनी लोकांसमोर ठेवावेत. दोन वर्षांच्या पिल्लांना पळवणं थांबावं. आणि सरकार ४० टक्के घेतं, तर त्यातला एक हिस्सा त्या घोड्यांच्या म्हातारपणाला जावा. हे जमत नसेल तर घोड्यावरची पैजही बंद व्हावी. पावसावरची झालीच होती की.

झुंजीचं म्हणाल तर १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एका प्लेट भजीचे पैसे. एवढ्या दंडाने कोणी थांबणार नाही, थांबलंच तर गावानेच थांबवायला हवं. पाडा पाळा, सजवा, गावात मिरवा, कोणाचा देखणा ते ठरवा, बक्षीस द्या. त्यावर पैजा मात्र लावू नका आणि त्याला भिडवू नका.

त्या टपरीवरच्या माणसाला हे सगळं सांगणार आहे. तो चिडेल. कदाचित म्हणेल, "तू शाणो झालस." पण त्याचा प्रश्न खरा होता, म्हणूनच एवढं लिहावंसं वाटलं. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा. फक्त एक करा, आधी एखाद्या झुंजीनंतर मांगरात बांधलेल्या पाड्याला जवळ जाऊन बघून या. हरलेला नको. जिंकलेला बघा.