कर्तनी प्रवाह व पृष्ठतरंग

वाहत्या द्रायूच्या लगतच्या थरांचे वेग भिन्न असले म्हणजे त्या प्रवाहात कर्तन आहे असे म्हणतात. नदीत तळालगतचे पाणी संथ व वरचे वेगवान असते. या फरकाचा परिणाम पृष्ठावरील लाटांच्या वेगावर, लांबीवर व उंचीवर होतो.

जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) तालुक्यातील चांगदेव येथे तापी व पूर्णा यांचा संगम आहे. तापी पश्चिमवाहिनी असल्याने पावसाळी वारे सामान्यतः तिच्या ओघाविरुद्ध वाहतात. खालच्या अंगास असलेल्या हतनूर जलाशयावर उठलेल्या लाटा वाऱ्याबरोबर संगमाकडे येतात आणि समोरून येणाऱ्या प्रवाहात शिरताच आखूड व उभट होतात. लहान नावेस त्या धोक्याच्या ठरतात. पूर्ववाहिनी गोदावरीत हा प्रकार सहसा घडत नाही. खोल व शांत पाण्यात २ मी. लांबीच्या लाटेचा वेग सु. १.८ मी./से. असतो. विरुद्ध प्रवाहाचा वेग याच्या चौथ्या हिश्श्याइतका, म्हणजे सु. ०.४५ मी./से. झाला की ती पुढे सरकूच शकत नाही. मात्र हे गणित सर्व खोलीवर प्रवाह सारखाच आहे असे मानते. प्रत्यक्षात तसा तो क्वचितच असतो.

हेल्महोल्ट्स (१८६८) व केल्व्हिन (१८७१) यांनी वारा व पाणी यांच्या वेगांत सीमेवर एकदम फरक पडतो असे गृहीत धरले. त्यानुसार लाटा उठण्यास सु. ६.५ मी./से. वेगाचा वारा हवा. पण पाण्यावर तरंग त्याहून पुष्कळ मंद वाऱ्यातही दिसतात. ही विसंगती दीर्घकाळ राहिली. वाऱ्याचा वेग उंचीनुसार क्रमाक्रमाने बदलतो हे जमेस धरून जे. डब्ल्यू. माइल्स यांनी १९५७ मध्ये तिचे बरेचसे निराकरण केले. ज्या उंचीवर वारा व लाट यांचे वेग समान होतात, तेथील वेगरेषेच्या वक्रतेमुळे लाटेस ऊर्जा मिळते, असे त्यांनी दाखविले.

पाण्यातील कर्तनाचा प्रश्न बंदरांच्या रक्षणाच्या निमित्ताने पुढे आला. तळाशी हवेचे बुडबुडे सोडून निर्माण केलेला पृष्ठप्रवाह लाटा थोपवू शकेल काय, याचे गणित जी. आय. टेलर यांनी १९५५ मध्ये मांडले. पातळ प्रवाह आखूड लाटांना अडवितो, लांब लाटा मात्र त्याखालून निसटतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

आर. एच. स्ट्यूअर्ट व जे. डब्ल्यू. जॉय यांनी १९७४ मध्ये याच तत्त्वाचा उलट उपयोग केला. वेग खोलीनुसार एकसारखा घटत असल्यास लाटेला तिच्या लांबीच्या सु. १/१२ खोलीवरील प्रवाह जाणवतो, २ मी. लाटेस सु. १६ सेंमी., तर २० मी. लाटेस १.६ मी. खोलीवरचा. त्यामुळे निरनिराळ्या लांबीच्या लाटांचे वेग रडारने मोजून पृष्ठाखालील प्रवाह ताडता येतो. नदीमापनात तरंगत्या वस्तूचा वेग ०.८५ सारख्या ठोकळ गुणकाने कमी करून सरासरी वेग काढण्याची रीत मात्र अद्याप प्रचलित आहे.