अंगणात आलेली शाळा

मुरबाड-शहापूरच्या एखाद्या ठाकूरवाडीत, अंगणवाडीच्या उंबऱ्याशी बसून जे मूल दिवसचे दिवस केवळ पाहत राहते, आणि ज्याला सेविका हात धरून आत ओढीत नाही, त्याच्या त्या निर्वेध बसण्यामागे एक इतिहास आहे. तो घडला याच ठाणे जिल्ह्याच्या, आता पालघरात गेलेल्या, डहाणू तालुक्यात. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र आरंभिले, ते १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यांवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा हजेरीचा तगादा न लावता ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मला हा निर्णय त्यांच्या साऱ्या कार्यात थोर वाटतो, कारण मुलाने शाळेच्या घड्याळाशी जुळवून घ्यावे हा शिरस्ता त्यांनी येथे उलटा केला.

या बालवाड्यांना आधार माँटेसरी पद्धतीचा, पण तिचे साधनसाहित्य महागडे. म्हणून शंखशिंपले, गारगोट्या, बिया हीच साधने झाली. चिंचोके लहानमोठे लावताना मुलाची बोटे थांबत, ओळ मोडे, पुन्हा जुळे. शिक्षिकेने ते सुधारावयाचे नसे, शेजारी बसून निरीक्षण करावयाचे असे. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. वजन-उंचीचे तक्तेही आले, ते आवश्यकच. परंतु उंबऱ्यावरचे मूल आत केव्हा येईल, याचा रकाना त्या दफ्तरात नाही.